‘कशानं झालं हो हे?’

आमच्या घरी पाहुणा आला, चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि मग अंगणात बाजेवर बसलेल्या काकांकडे त्याची नजर गेली, की थोडे थांबून, आवाज खाली आणून तो विचारत असे, “कशानं झालं हो हे?” हा प्रश्न मी गेली तीस-बत्तीस वर्षे ऐकत आले आहे. आजार कोणता, औषध कोणते, झोप लागते का, जेवण जाते का, हे फार क्वचित कोणी विचारले. कारण मात्र प्रत्येकाला हवे असे. लहानपणी मला ही माणसांची साधी उत्सुकता वाटायची. आता वाटते की आमच्या भागात मानसिक आजाराभोवती जी लाज साचून राहिली आहे, तिचे सगळे गणित याच प्रश्नाच्या उत्तरावर चालते. उत्तर काय द्याल त्यावरून रोग्याला कुठे न्यायचे ते ठरते, दोष कोणाच्या माथी मारायचा ते ठरते आणि घरातल्या मुलींच्या सोयरिकी जमणार की मोडणार, तेही ठरते.

आमचे गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ते लातूरला कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि १९९२ च्या उन्हाळ्यात सुट्टीला म्हणून घरी आले, ते परत गेलेच नाहीत. रात्री विहिरीवर मोटार चालू करायला गेले की आपल्याला कोणीतरी नाव घेऊन हाक मारते, असे ते सांगू लागले. पुढे ते आवाज वाढले, दिवसाही येऊ लागले. शेजारची माणसे आपल्याविषयी काही ठरवत आहेत, आपल्या ताटात काही कालवले जाते, असा त्यांचा पक्का समज झाला. आजीच्या हातची भाकरी सोडून ते दुकानातल्या बिस्किटांच्या पुड्यावर दिवस काढू लागले. स्किझोफ्रेनियाची ही अगदी ठळक लक्षणे होती, पुरुषांमध्ये हा आजार बहुधा विशीच्या आसपासच डोके वर काढतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे २ कोटी ४० लाख माणसांना तो आहे, हे मला आज ठाऊक आहे. त्या वेळी आमच्या घरात हा शब्द कोणी ऐकलेलाही नव्हता. तरीही केवळ अडाणीपणामुळे सगळे बिघडले, असे मी म्हणणार नाही. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि हा काहीतरी आजार आहे, एवढे त्यांना पहिल्या महिन्यातच कळले होते. त्यांना भीती होती ती आजाराचे नाव घराबाहेर गेले तर काय होईल याची.

म्हणून पहिले उत्तर ठरले ते ‘बाहेरचं’. आजीनेच ते दिले आणि घरातल्या सगळ्यांनी, वडिलांनीसुद्धा, सुटकेचा श्वास टाकून ते उचलले. ‘बाहेरचं हाय, आमच्यात असलं कुणालाच न्हाई’, हे आजीचे वाक्य मला अजून आठवते, आणि त्यातला दुसरा अर्धा भागच महत्त्वाचा होता, हे फार उशिरा माझ्या ध्यानात आले. बाधा बाहेरून येते, म्हणजे ती घरातली नसते, रक्तातली नसते, आणि देवऋष्याने उतरवली की निघूनही जाते. आजार म्हटला की तो आपला होतो, कायमचा होतो, पुढच्या पिढीत उतरण्याची शंका घेऊन येतो. सुशिक्षित माणसे ‘बाहेरचं’ या शब्दाला हसतात. पण त्या काळी गावात राहून एका तरुण मुलाची अब्रू वाचवायची असेल, तर तो शब्द पुष्कळ शहाणपणाचा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली.

लातूर, नांदेड, धाराशिव या पट्ट्यात आणि पलीकडे बिदरकडे ‘बाहेरचं’ म्हटले की पाठोपाठ भानामती आलीच. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठणे, कपड्यांवर डाग पडणे, एखादी बाई अचानक घुमू लागणे किंवा कुत्र्यासारखी भुंकू लागणे, या गोष्टी मराठवाड्यातल्या माझ्या पिढीने लहानपणी ऐकलेल्या आहेत. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की भाजल्यासारखे फोड येतात, फुली काढायला माणसाचाच हात लागतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून दाखवून दिले. पण आमच्या काकांच्या अंगावर तर एकही फुली नव्हती. जाणत्याने तरीही भानामतीच सांगितली. आणि भानामती म्हटली की ती करणारे कोणीतरी असावे लागते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा म्हातारी राहत असे, एकटी, दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारी. बोट तिच्याकडे गेले. तिला कोणी मारले नाही. पण आमच्या घराने तिच्याशी बोलणे टाकले, हौदावर ती आली की बायका घागर उचलून बाजूला होऊ लागल्या, तिला खुरपणीला बोलावणे बंद झाले. सात-आठ वर्षांनी ती गेली. काकांच्या गोळ्या सुरू होऊन तेव्हा बराच काळ लोटला होता आणि भानामतीचे नाव आमच्या घरातून पुसले गेले होते. तरीही तिची माफी मागायला आमच्यातले कोणी गेले नाही. मानसिक रोग्याला सोसावा लागणारा कलंक आपण नेहमी त्याच्या आणि त्याच्या घराच्या बाजूने सांगतो. त्याच्या शेजारी त्या म्हातारीलाही उभे करावे लागेल, कारण आमच्या घराने आपली लाज तिच्या डोक्यावर ठेवून दिली होती.

दुसरे उत्तर आम्हाला भूकंपाने दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. आदल्या दिवशीच गणपतीचे विसर्जन झाले होते आणि माणसे दमून झोपलेली होती. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली, पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आमच्या घराची मागची भिंत पडली, माणसे वाचली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहताना मी मोठ्या माणसांच्या तोंडून अशा गोष्टी ऐकल्या, ज्या आधी कोणी उच्चारत नसे. झोप लागत नाही, छातीत धडधडते, वाटेवरून ट्रक गेला तरी उठून पळावेसे वाटते, जगावेसे वाटत नाही, हे बाप्येसुद्धा पारावर बसून बोलत होते. कोणालाही त्याची लाज नव्हती, कारण दुखणे कशाने झाले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. ‘धक्का बसला’ एवढे म्हटले की समोरचा मान हलवी आणि पुढचे विचारत नसे. मनाचे दुखणे मोकळेपणाने बोलण्याचा तेवढा एकच काळ मी आमच्या भागात पाहिला.

त्या मोकळिकीत आमच्या घराने आपलीही गाठ सोडवून घेतली. माझ्या आत्याची सुपारी १९९३ च्या उन्हाळ्यात फुटली होती आणि काकांविषयी कुणकुण लागताच त्या पाहुण्यांनी ती मोडली होती. दुसऱ्या वर्षी नवे स्थळ आले, तेव्हा पाहुण्यांनी काकांकडे पाहून नेहमीचा प्रश्न विचारला आणि आजोबांनी शांतपणे सांगितले, “भूकंपात भिंत अंगावर आली, तवापासून असं हाय.” पाहुणे हळहळले, एकाने तर काकांच्या पाठीवरून हात फिरवला. लग्न झाले. काकांचे दुखणे भूकंपाच्या आधी सव्वा वर्ष सुरू झालेले होते. तोच माणूस, तेच आवाज, तेच अंघोळ न करणे. एका उन्हाळ्यात त्यापायी सोयरीक मोडली आणि पुढच्या वर्षी त्याबद्दल सहानुभूती मिळाली. मधे बदलले होते ते फक्त सांगितलेले कारण. हे लिहिण्यापूर्वी मी आत्याला विचारले. ती म्हणाली, “लिही आता. दोन्ही सुना आल्या माझ्या, आता काय राहिलंय?” तिच्या या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. घरातली शेवटची सोयरीक होईपर्यंत खरे बोलायचे नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम आहे आणि कोणत्याही घरात शेवटची सोयरीक सहसा येत नाही. मुलींनंतर भाच्या असतात, मग नाती असतात.

भूकंपानंतर जे डॉक्टर गावोगाव येत होते, त्यांच्यातल्या एकाने १९९४ च्या सुरुवातीला काकांना तपासले आणि पहिल्यांदा आजाराचे नाव कागदावर लिहिले. गोळ्या सुरू झाल्या. आवाज कमी होऊ लागले; पण हात थरथरू लागले, तोंडातून लाळ गळू लागली, चाल आखडली. त्या काळच्या औषधांचे हे दुष्परिणाम असतात, मात्रा कमी-जास्त करून आणि सोबत दुसरी गोळी देऊन ते आटोक्यात आणता येतात, हे आम्हाला कोणी नीट समजावले नाही. गावाने थरथरणारे हात पाहिले आणि ‘गोळ्यांनीच येडा केला’ असा निकाल दिला. आवाज कोणाला दिसत नव्हते, लाळ सगळ्यांना दिसत होती. औषध बंद झाले, आणि औषध अर्ध्यावर सोडल्यावर या आजारात बहुधा जे होते, तेच झाले: काही महिन्यांत दुखणे दुप्पट जोराने उफाळले.

मग १९९५ साली काकांना एका ठिकाणी नेऊन ठेवले. ते ठिकाण कुठले, हे मी सांगणार नाही. अशी ठिकाणे सर्व धर्मांत आहेत आणि एकाकडे बोट दाखवून बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही. तिथे त्यांच्या पायात साखळी होती. वडील दर आठवड्याला भाकरी-चटणी घेऊन जात आणि परत आले की न जेवता झोपत. साखळीचे वळ काकांच्या डाव्या घोट्यावर आजही आहेत. तीन आठवड्यांनी वडिलांनी भांडून त्यांना परत आणले. पुढे ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एर्वाडी येथे अशाच एका आश्रयस्थानी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जागची हलू न शकल्यामुळे जळून मेली. बातमी आली त्या सकाळी वडील ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर घडी घालून ठेवला, गोठ्यात जाऊन बराच वेळ बसले आणि त्या दिवशी शाळेत गेले नाहीत. त्याविषयी ते आमच्याशी कधीही बोलले नाहीत.

कायदा आता या बाबतीत स्पष्ट आहे आणि तो किती स्पष्ट आहे, हे गावात कोणाला माहीत नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला कोणत्याही रीतीने, कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार करण्यासही त्याच कलमाने मनाई केली आहे, तेव्हा ‘तिथं नेलं की शॉक देत्यात’ ही जी भीती अजून घराघरांत आहे, तिच्यासमोर ठेवायला हा कायदा उपयोगी पडतो. त्याच्या आधी डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हा त्यात गुन्हा आहे, आणि सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. एखादी व्यक्ती करणी करते असे पसरवून तिचे जगणे कठीण करणे, हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्या गल्लीतल्या म्हातारीच्या हयातीत हा कायदा असता, तर त्याखालचे आरोपी आम्ही असतो.

देवाच्या दारी जाणे मात्र कोणी थांबवू नये, असे माझे मत आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम चालला. तिथले मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारात बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे माणसाला पाठवतात. आमच्याकडचा देवऋषी जर म्हणाला, ‘मी उतारा देतो, पण तू डॉक्टरची गोळी सोडू नको’, तर शंभर भित्तिपत्रकांनी होत नाही ते काम त्या एका वाक्याने होईल. लोकांचा विश्वास तिथे आहे. आमच्याकडे भर द्यायचा तो बांधणे, मारणे आणि औषध तोडायला लावणे थांबवण्यावर द्यायला हवा; नारळ फोडण्याने कोणाचे काही बिघडत नाही.

१९९६ पासून काकांचे उपचार सरळ सुरू झाले ते अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातून. तेव्हा लातूरला वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतले एकही नाव त्यात नाही. ‘ह्याला येरवड्याला धाडा’ ही आमच्याकडे शिवी होती, पत्ता नव्हता. अंबाजोगाईला जाताना वडील गावात सांगत, ‘माझी पाठ दाखवायला चाललोय’. काका सोबतीला म्हणून एसटीत बसत. केसपेपर कपाटातल्या पेटीत, आजीच्या लुगड्यांच्या घडीखाली असे. पंधरा वर्षे माझ्या वडिलांची पाठ दुखत राहिली.

तिसरे उत्तर, ज्याच्या भीतीने पहिली दोन उत्तरे शोधली गेली, ते म्हणजे ‘रक्तातलं’. या भीतीला थोडा आधार आहे आणि तो लपवण्यात शहाणपण नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दहाच्या आसपास मानली जाते. म्हणजे नव्वदांना होत नाही. काका-पुतणी इतक्या लांबच्या नात्यात ती आणखी कितीतरी कमी असते. मधुमेहाची शक्यता घराण्यात याहून मोठ्या प्रमाणात उतरते आणि तरीही ‘त्यांच्याकडे शुगर आहे’ म्हणून सोयरीक मोडल्याचे मी ऐकलेले नाही. कायद्याच्या पुस्तकातही ही भीती मुरलेली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये वेडाबरोबर अपस्माराचाही उल्लेख होता. तो १९९९ मध्ये काढला. महारोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ मध्ये काढले. मनाचा आजार, विशिष्ट प्रकारचा आणि विशिष्ट तीव्रतेचा असल्यास, त्या यादीत अजून आहे. त्यामागे काही व्यावहारिक कारणे असतील, मी कायद्याची जाणकार नाही. पण ज्या क्रमाने आजार त्या यादीतून बाहेर पडले, तो क्रम पाहिला की कोणत्या आजाराची लाज समाजाने आधी सोडली आणि कोणत्या आजाराची अजून धरून ठेवली आहे, ते दिसते.

कारणाचा हा आग्रह फक्त पाहुण्यांचा असता तरी पुष्कळ होते. तो सरकारी कागदातही आहे. आमच्या भागात शेतकऱ्याने जीवन संपवले की तलाठी, पोलीस पाटील यांच्यापासून पंचनामे सुरू होतात, आणि प्रकरण ‘पात्र’ ठरले तर घराला १ लाख रुपयांची मदत मिळते. पात्र ठरायला कारण नापिकीचे, कर्जाचे किंवा परतफेडीच्या तगाद्याचे असावे लागते. ही कारणे खोटी आहेत, असे मी चुकूनही म्हणणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरची मी आहे आणि त्या वर्षी घराघरांत काय चालले होते, ते मी पाहिले आहे. पण त्या माणसाची सहा महिने झोप उडाली होती, त्याने जेवण टाकले होते, तो कोणाशी बोलत नव्हता, हे सांगितले आणि चौकशीत कारण दुसरेच निघाले तर प्रकरण ‘अपात्र’ होईल, या धास्तीने त्याची बायको गप्प राहते. कर्ज आणि नैराश्य एकाच माणसाच्या छातीवर बसलेले असतात. कागदावर मात्र त्यातले एकच लिहायला जागा असते. जो त्यातून वाचतो, त्याच्या घरचे ‘अपघात झाला’ असे सांगतात, कारण गुन्हा दाखल होईल ही भीती. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा माणूस तीव्र तणावाखाली होता, असेच गृहीत धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही, असे ठरवून दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले ते जुने ३०९ कलम ठेवलेलेच नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात जगणे नकोसे झाल्याचा विचार येत असेल किंवा घरात कोणाविषयी तशी शंका असेल, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. फोनवर कारण सिद्ध करावे लागत नाही.

शेतकऱ्यांच्या मनाची काळजी घेण्यासाठी २०१५ मध्ये राज्याने मराठवाडा आणि विदर्भातल्या जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि आशा ताई घरोघर जाऊन विचारपूस करू लागल्या. आमच्या घरी ताई आल्या तेव्हा मी सुट्टीला माहेरी होते. त्यांनी आईला विचारले, घरात कोणाला फार उदास वाटते का, झोपेचा, डोक्याचा काही त्रास आहे का. आईने सांगितले, “न्हाई ओ ताई, समदे चांगले हायत.” काका चार हातांवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, वहीत खूण केली आणि चहा घेऊन गेल्या. त्या गावातल्याच होत्या, त्यांना सगळे ठाऊक होते. देशाच्या १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता, उपचारांपासून दूर राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघाले. तो आकडा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टरांची कमतरता येते तशी माझ्या आईची ती मानेची हालचालही येते.

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि दरवर्षी १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, मुलांसमोर भाषण करण्याचे काम माझ्याकडे येते. बरीच वर्षे मी एकच सांगत आले: हा मेंदूचा आजार आहे, मेंदूतल्या रसायनांचा आहे, यात लाजण्यासारखे काही नाही. मग या विषयावरच्या संशोधनाविषयी वाचले आणि थोडी हादरले. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असे दिसले आहे, की ‘हा जैविक आजार आहे’ एवढेच सांगितले तर लोक रुग्णाला दोष देणे कमी करतात. पण तो कधी बरा होणार नाही आणि तो धोकादायक आहे, ही समजूत मात्र वाढते. म्हणजे ‘बाहेरचं’ काढून मी मुलांच्या हातात ‘रक्तातलं’ ठेवत होते! कारणाचा प्रश्न तसाच होता, फक्त उत्तर वैज्ञानिक झाले होते. प्रौढांच्या मनातली अढी कमी करायला व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडते ते असा आजार असलेल्या, त्यासह जगणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष भेटणे, असेही त्याच प्रकारच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. भूकंपानंतरच्या त्या हिवाळ्यात पारावर जे घडत होते, ते मला या वेळी आठवले.

गेल्या वर्षी माझ्या भावाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. प्रश्न आलाच. भाऊ म्हणाला, “मानसिक आजार आहे. ब्याण्णवपासून. औषध चालू आहे, शेतीचं सगळं तेच बघतात.” वडील, जे आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, खाली मान घालून बसून राहिले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मुलीला शिक्षण विचारले, आणि पुन्हा फोन आला नाही. वहिनी महिनाभर भावाशी नीट बोलत नव्हती, आणि मी तिला चूक म्हणू शकले नाही. भाची मात्र म्हणते की आता यापुढे हेच सांगायचे. ते निभेल की नाही, मला माहीत नाही.

हे सगळे लिहायचे ठरवल्यावर मी काकांनाही विचारले. ते पंचावन्नच्या घरात आहेत, महिन्याच्या महिन्याला लातूरला जाऊन स्वतःच गोळ्या आणतात. संध्याकाळी आम्ही दोघे विहिरीच्या कडेला बसलो होतो. त्यांनी विचारले, “कशानं झालं म्हणून लिहिणार तू?” मी म्हटले, नक्की एक कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही, तसेच लिहीन. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “इथं हाक मारत होतं कुणीतरी, ते लिही. नाव घेऊन. मला लई भ्या वाटायचं, आन् कुणी इचारलंच न्हाई की काय म्हणतंय ते.” खरेच, बत्तीस वर्षांत सगळ्यांनी सगळे आम्हालाच विचारले होते. मी विचारले, “अजून येते का हाक?”

“येती कदीमदी,” काका म्हणाले. “आता मी ओ देत न्हाई.”

तेवढ्यात लाईट आली आणि ते मोटार चालू करायला उठले.